मांजराची जुनी सर्दी आणि न सापडणारे कारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या मांजरांचे नाक महिनोन्महिने वाहते, चोंदते किंवा घरघरते आणि तपासण्या करूनही ज्यांच्या त्रासाचे मूळ हाती लागत नाही, अशा मांजरांना सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी पशुवैद्यक नाही. अशा एका मांजरीची नऊ वर्षे शुश्रूषा केली आहे आणि त्या काळात जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले ते लिहीत आहे. डॉक्टरांशी नेमके बोलता यावे, एवढाच या माहितीचा उपयोग करावा. औषध स्वतः ठरवण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. प्रश्न क्रमाने वाचण्याची गरज नाही, मात्र प्रश्न २ सर्वांनी वाचावा.

१. मांजर शिंकते आहे. ही साधी सर्दी की जुनाट दुखणे, हे कसे ओळखायचे?

अधूनमधून एखादी शिंक येणे स्वाभाविक आहे. विषाणूमुळे होणारी साधी सर्दी बहुधा एक ते तीन आठवड्यांत ओसरते. शिंका, नाकातून येणारा स्राव किंवा श्वासाचा आवाज चार आठवड्यांहून अधिक टिकला, अथवा बरे वाटून तोच त्रास वारंवार उलटू लागला, की त्याला जुनाट म्हणतात आणि तेव्हापासून विचाराची दिशा बदलावी लागते. साध्या सर्दीत वाट पाहणे शहाणपणाचे असते; जुनाट त्रासात मात्र नुसती वाट पाहण्यात महिने निघून जातात आणि नाकाच्या आतले नुकसान वाढत राहते. पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, स्रावाचा रंग, कोणती नाकपुडी, भूक आणि वजन लिहून ठेवावे. ही वही पुढच्या प्रत्येक तपासणीत उपयोगी पडते.

२. कोणती लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नये?

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे मांजराच्या बाबतीत नेहमीच गंभीर समजावे, कारण मांजर शक्य असेल तोवर नाकानेच श्वास घेते. हिरड्या निळसर किंवा पांढरट दिसणे, श्वास घेताना पोट जोरात आत-बाहेर होणे, नाकातून न थांबणारे रक्त येणे, चेहऱ्यावर किंवा डोळ्याभोवती अचानक सूज येणे, तोल जाणे किंवा झटका येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. शांत झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला सहसा ३० च्या आत असतात. झोपेतही ते ४० च्या वर जात असतील तर अडचण केवळ नाकात नसून छातीत असू शकते. पूर्ण २४ तास काहीच न खाणे हेदेखील याच यादीत येते, त्याचे कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

३. डॉक्टर म्हणतात, 'कारण सापडत नाही.' म्हणजे त्यांना निदान करता आले नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्यामागची निराशा मी ओळखते. दोन वेगळ्या परिस्थितींसाठी हेच वाक्य वापरले जाते, त्यामुळे गोंधळ होतो. एका परिस्थितीत कारण नीट शोधलेलेच नसते. दुसऱ्या परिस्थितीत गाठ, बुरशी, मांसल वाढ, दाताचा रोग, अडकलेली वस्तू या सगळ्या शक्यता एकेक करून तपासल्या जातात, त्यांपैकी काहीही आढळत नाही आणि मागे उरतो तो नाकाच्या अस्तराचा जुनाट दाह. या दुसऱ्या परिस्थितीला अज्ञातहेतुक जुनाट नासिकादाह म्हणतात आणि तेही एक निदानच असते, फक्त ते वजाबाकीने काढलेले असते.

यामागे काय घडत असावे, याविषयी सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे. मांजराच्या नाकात कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली अतिशय पातळ हाडे असतात आणि त्यांच्यावरील अस्तर हवा गाळते, उबदार करते आणि ओलसर ठेवते. लहानपणी झालेल्या तीव्र सर्दीत, विशेषतः मांजरांच्या हर्पिस विषाणूमुळे, हे अस्तर आणि ही हाडे झिजतात. विषाणूचा भर ओसरतो, पण बिघडलेली रचना पूर्ववत होत नाही. शेंबूड साचतो, एरवी निरुपद्रवी असलेले जंतू त्यात वाढतात, त्यामुळे पुन्हा दाह होतो आणि हे चक्र चालू राहते. त्यामुळेच 'बरे कधी होणार' याचे उत्तर बहुतेकदा 'पूर्णपणे नाही' असे असते, तर 'त्रास कमी होईल का' याचे उत्तर बहुतेकदा 'होय' असते.

तुमच्या मांजराच्या बाबतीत हे वाक्य कोणत्या अर्थाने म्हटले गेले, हे समजण्यासाठी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: 'आतापर्यंत काय काय नाकारले गेले आहे?'

४. स्राव एकाच नाकपुडीतून येतो की दोन्हींतून, याला एवढे महत्त्व का?

विषाणू आणि अज्ञातहेतुक दाह सहसा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूने सतत स्राव किंवा रक्त येत असेल, तर त्या बाजूला काहीतरी जागा धरून बसले आहे असा संशय घ्यावा लागतो. ते गवताचे पाते असू शकते, वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू असू शकतो, वय झालेल्या मांजरात गाठ असू शकते. अर्थात हा नियम पक्का नाही, कारण गाठ पडदा भेदून दुसऱ्या बाजूला पोचते आणि दाहही कधी एका बाजूला अधिक असतो. तरीही 'आधी डाव्या बाजूने, तीन महिन्यांनी दोन्हींकडून' ही नोंद डॉक्टरांसाठी फार मोलाची असते. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे थंड काचेचा तुकडा किंवा लहान आरसा नाकासमोर धरणे. दोन्ही बाजूंनी वाफेचे सारखे डाग उमटतात की नाही, हे लगेच दिसते.

५. कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या क्रमाने?

सुरुवात साध्या गोष्टींपासून होते: तोंडाची आणि दातांची पाहणी, चेहऱ्याची ठेवण, जबड्याखालच्या गाठी, डोळे, वजन, रक्ततपासणी, ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूंची चाचणी. नाकाचा बांधा फुगलेला असेल किंवा नाकावर जखम असेल, तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची रक्तातील प्रतिजन चाचणी लवकर करून घ्यावी, कारण ती साधी आहे आणि त्या रोगावर औषध आहे.

याने उलगडा झाला नाही तर भूल देऊन करायच्या तपासण्यांकडे वळावे लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. सीटी स्कॅन आधी, दुर्बिणीने पाहणी नंतर, अस्तराचा तुकडा काढणे त्याहून नंतर आणि नाक धुणे सर्वांत शेवटी करतात. कारण तुकडा काढताना किंवा धुताना रक्त आले, की पुढचे चित्र आणि दृश्य दोन्ही गढूळ होतात. शक्य असेल तर हे सर्व एकाच भुलीत उरकण्याची विनंती करावी. दुर्बीण नाकपुडीतून आत घालण्याबरोबरच टाळूच्या मागून वर वळवून नाकाचा मागचा भाग पाहणार आहेत का, हेही विचारावे. दातांचे एक्स-रे याच वेळी काढून घेतले तर पुन्हा भूल द्यावी लागत नाही. नुसत्या कवटीच्या एक्स-रेवर समाधान मानू नये. हाडे एकमेकांवर चढलेली दिसतात आणि लहान दोष निसटतात.

सर्वांनाच सीटी स्कॅन शक्य नसतो, हे मला ठाऊक आहे. मांजर तरुण असेल, त्रास दोन्ही बाजूंना असेल, रक्त नसेल आणि वजन टिकून असेल, तर प्रश्न ७ ते १३ मधील उपाय काही काळ करून पाहणे ही समजून घेतलेली तडजोड ठरू शकते. मांजराचे वय दहाच्या पुढे असेल आणि त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर मात्र ही तडजोड मी करणार नाही.

६. स्रावाच्या तपासणीत जंतू सापडले आणि पीसीआरमध्ये (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत) हर्पिस आला. मग कारण सापडले ना?

दुर्दैवाने एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. निरोगी मांजराच्या नाकातही अनेक प्रकारचे जंतू असतात, त्यामुळे नाकाच्या टोकाशी घेतलेल्या स्रावाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीतरी वाढणारच. खोलवरून घेतलेल्या द्रवाचे किंवा अस्तराच्या तुकड्याचे कल्चर अधिक भरवशाचे असते. हर्पिसचेही तसेच आहे: एकदा लागण झालेल्या बहुतेक मांजरांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंत तो जन्मभर दडून राहतो आणि कोणतेही लक्षण नसतानाही सापडू शकतो. उलट, चाचणी नकारात्मक आली म्हणून त्याने पूर्वी नाकाचे नुकसान केलेच नाही, असेही सिद्ध होत नाही.

७. प्रतिजैविक चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केले की आठवड्यात पुन्हा तेच. मग ते कायम का देऊ नये?

प्रतिजैविक शेंबडात वाढलेल्या जंतूंना मारते, त्यामुळे स्राव पातळ होतो आणि आपल्याला वाटते की रोगच जात होता. पण मूळ बिघाड जंतूंमुळे झालेला नसतो (प्रश्न ३ पाहा). माझ्या मांजरीला एका दवाखान्यात वर्षभरात सहा वेळा निरनिराळी प्रतिजैविके दिली गेली आणि एकदाही कोणी तिचे दात पाहिले नाहीत. त्या वर्षाची हळहळ अजून वाटते. प्रत्येक वेळी नवे औषध बदलत गेल्याने शेवटी असे जंतू उरतात ज्यांच्यावर साधी औषधे चालत नाहीत.

पाळीव प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, नव्या सर्दीत ताप, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे नसतील तर प्रतिजैविक देण्यापूर्वी दहा दिवसांपर्यंत वाट पाहावी. जुनाट त्रासात स्राव घट्ट, पिवळा-हिरवा झाला आणि मांजर मलूल झाले, तर डॉक्टर ठरावीक काळाचा क्रम देतात आणि ते योग्यच असते. तो अर्ध्यावर सोडू नये.

डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा कॅप्सूल दिली असेल, तर तिच्यामागून लगेच सिरिंजने सुमारे ६ मिली पाणी किंवा थोडे अन्न अवश्य द्यावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तेथे व्रण होतो आणि नलिका कायमची अरुंद होऊ शकते.

८. विषाणूविरोधी औषध आणि लायसिन यांचा उपयोग होतो का?

हर्पिसचा संशय दाट असेल, विशेषतः नाकाबरोबर डोळेही लाल होऊन पाझरत असतील, तर फॅमसिक्लोविर हे औषध काही मांजरांना चांगले लागू पडते. त्याच्या नात्यातली असायक्लोविर आणि व्हॅलासायक्लोविर ही माणसांची औषधे पोटातून दिल्यास मांजरांना घातक ठरतात, म्हणून नावातील साम्याला फसू नये. लायसिन हे अमिनो आम्ल हर्पिसवर अनेक वर्षे सर्रास दिले जात होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व अभ्यासांच्या आढाव्याने मात्र त्याचा उपयोग होत नसल्याचा निष्कर्ष काढला आणि ते देणे थांबवावे असे सुचवले.

९. स्टिरॉइडची भीती वाटते. ते द्यावे का?

भीती पूर्णपणे अनाठायी नाही. स्टिरॉइडमुळे बुरशीचा संसर्ग फोफावू शकतो, दडलेला हर्पिस उसळू शकतो आणि लिम्फोमा या कर्करोगाची गाठ काही काळ आकसल्याने निदान चुकू शकते. म्हणून तपासणीपूर्वी 'देऊन तर पाहू' या भावनेने ते सुरू करणे मला पटत नाही. परंतु तुकड्याच्या तपासणीत अस्तरात दाहाच्या पेशी दिसल्या आणि बाकी सर्व नाकारले गेले, तर काही मांजरांना त्याने खरा आराम मिळतो. मास्क लावलेल्या नळीतून श्वासावाटे देण्याचे स्टिरॉइड अंगभर कमी पसरते. मांजराला मास्कची सवय लावायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. आधी नुसता मास्क खाऊजवळ ठेवावा, मग क्षणभर नाकाला लावावा, औषध त्यानंतरच.

१०. औषधांखेरीज घरी रोज काय करता येईल?

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक याच भागाने पडला. सुकलेला शेंबूड हाच मोठा शत्रू असतो, म्हणून सगळा प्रयत्न तो ओला आणि पातळ ठेवण्याचा असावा.

न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार बंद करून, मांजराला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटे वाफेत बसावे. उकळत्या पाण्याचे भांडे मांजरासमोर कधीही ठेवू नये. नेब्युलायझर असेल तर त्यात केवळ निर्जंतुक सलाइन घालावे. यंत्राचा आवाज बहुतेक मांजरांना आवडत नाही, तेव्हा मांजराला कॅरियरमध्ये बसवून वर पातळ चादर टाकावी आणि यंत्र दूर ठेवून नळी तेवढी आत सोडावी. वाफेनंतर लगेच, मऊ झालेल्या खपल्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपून घ्याव्यात, खरवडू नयेत. औषध नसलेल्या ०.९ टक्के सलाइनचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत घातले की मांजर जोरात शिंकते आणि आतला शेंबूड बाहेर फेकते. ती शिंक हाच त्या थेंबांचा उपयोग आहे, तिला घाबरू नये.

अंगातले पाणी कमी झाले की शेंबूड घट्ट होतो, म्हणून कोरड्या दाण्यांऐवजी ओले अन्न द्यावे आणि त्यात चमचाभर कोमट पाणी मिसळावे. एवढे करूनही नाक पूर्ण बंद होत असेल तर भूल देऊन सलाइनने नाक धुऊन घेता येते. त्याने मिळणारा आराम काही मांजरांत कित्येक आठवडे टिकतो, पण तो कायमचा नसतो.

११. नाक चोंदले की मांजर जेवतच नाही. काय करावे?

मांजर चवीपेक्षा वासावर जेवते. वास आला नाही तर समोरचे अन्न त्याच्या लेखी अन्नच नसते. आधी नाक मोकळे करावे (प्रश्न १०), मग पाच मिनिटांनी अन्न द्यावे. ते साधारण अंगाइतके, म्हणजे ३८ अंश सेल्सियसच्या आसपास कोमट करावे आणि उग्र वासाचे, मऊसर निवडावे. पसरट बशी वापरल्यास नाक भांड्यात खुपसावे लागत नाही.

सिरिंजने जबरदस्तीने भरवणे शक्यतो टाळावे. चोंदलेल्या नाकाच्या मांजराला एकाच वेळी गिळणे आणि श्वास घेणे जड जाते, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्या अन्नाविषयी तिटकाराही बसतो. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. म्हणून भूक वाढवणारे औषध किंवा अन्न भरवण्याची नळी घालण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला तर तो शेवटचा उपाय समजून लांबवू नये.

१२. आपली सर्दीची औषधे, बाम किंवा निलगिरीचे तेल थोडेसे वापरले तर चालेल का?

नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार कमकुवत असते. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनही विषारी आहे. निलगिरी, टी ट्री, कापूर, मेंथॉल यांची तेले वाफेत किंवा डिफ्युझरमध्येही घालू नयेत. नाक मोकळे करणारे लहान मुलांचे काही थेंब डॉक्टर क्वचित एक-दोन दिवसांसाठी सुचवतात. जास्त दिवस घातल्यास नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, म्हणून ते स्वतःहून सुरू करू नयेत.

१३. घरातल्या कोणत्या गोष्टींमुळे त्रास वाढतो?

सिगारेटचा धूर, डासांची कॉइल, सुगंधी फवारे, उग्र फरशी-साफक आणि ट्रेमधील धूळ उडणारी माती यांमुळे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीन आठवडे नोंद ठेवावी. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. घरातील हवा कोरडी असेल तर ह्युमिडिफायर लावावा, त्याची टाकी मात्र रोज धुवावी.

ताणाचाही यात वाटा असतो. नवे मांजर, घरबदल, बोर्डिंग किंवा पाहुण्यांची वर्दळ यानंतर साधारण आठवड्याभराने दडलेला हर्पिस उसळतो आणि एक-दोन आठवडे राहतो. वहीत मागे जाऊन पाहिले की हा संबंध पुष्कळदा दिसतो. अशा घरात प्रत्येक मांजराला स्वतंत्र भांडे, स्वतंत्र ट्रे आणि लपायला उंच जागा असावी.

१४. घरातील इतर मांजरांना किंवा माणसांना हे लागते का?

मांजरांचा हर्पिस माणसांना होत नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या व्यक्तीने काही जंतूंच्या बाबतीत स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे, एवढेच. इतर मांजरांचा प्रश्न वेगळा आहे: जुनाट दाह स्वतः लागत नाही, पण हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू बाहेर पडत असेल तर तो पसरतो. हर्पिस शरीराबाहेर दिवसभरही टिकत नाही, कॅलिसी मात्र कोरड्या जागीही कित्येक आठवडे टिकू शकतो. सर्वांचे लसीकरण पूर्ण ठेवावे. लस लागण पूर्णपणे रोखत नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते. आधीच झिजलेले नाक मात्र तिने दुरुस्त होत नाही.

१५. स्राव अजिबात नाही, पण मांजर जागेपणी घोरते. हा त्रासही यातच येतो का?

हा वेगळा धागा आहे. स्रावाशिवाय घोरण्याचा आवाज येत असेल तर अडथळा नाकाच्या मागे, घशाच्या वर असण्याची शक्यता जास्त. तरुण मांजरात तेथे कानाच्या आतून निघालेली मांसल वाढ, म्हणजे पॉलिप, असू शकते; कान खाजवणे किंवा मान एका बाजूला कलणे ही तिची खूण. कधी जुन्या दाहाच्या व्रणामुळे तो मार्गच आवळला जातो. ही दोन्ही कारणे शस्त्रक्रियेने किंवा फुग्याने मार्ग रुंद करून बरीचशी दूर करता येतात, म्हणून 'कारण सापडत नाही' म्हणण्याआधी तो मागचा भाग पाहिलेला असलाच पाहिजे. चपट्या चेहऱ्याच्या जातींत, उदाहरणार्थ पर्शियन मांजरात, अरुंद नाकपुड्या हेच घोरण्याचे कारण असू शकते.

१६. एकदा नाकातून रक्त आले आणि थांबले. वाट पाहावी का?

जोरदार शिंकांच्या सरीनंतर स्रावात रक्ताची एखादी रेघ दिसणे जुनाट दाहातही घडते. निव्वळ रक्त, पुन्हा पुन्हा येणारे रक्त किंवा एकाच बाजूचे रक्त असेल, तर रक्तदाब, रक्त गोठण्याची चाचणी आणि नाकाची पाहणी लवकर करून घ्यावी. मांजराने उंदराचे विष किंवा ते खाल्लेला उंदीर खाल्ला असण्याची शक्यता असेल, तर ते फोनवरच सांगावे.

१७. दोन वर्षांपूर्वी सर्व तपासण्या केल्या होत्या. आता त्रास बदलला आहे. पुन्हा कराव्यात का?

होय. जुने निदान त्या दिवसापुरते खरे होते. दोन्ही बाजूंचा स्राव एका बाजूवर आला, रक्त सुरू झाले, वजन उतरले, नाकाचा बांधा किंवा एक डोळा पुढे आलेला वाटला, तर 'याचे नेहमीचेच आहे' हा समज बाजूला ठेवावा. जुनाट नाक असलेल्या मांजरालाही पुढे गाठ होऊ शकते आणि दुखणे आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे नेमके त्याच घरात ते उशिरा लक्षात येते. नाकातील लिम्फोमा किरणोपचार आणि औषधांना पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतो, म्हणून या उशिराची किंमत मोठी असते.

१८. भगव्या मांजराच्या नाकावर काळे ठिपके आले आहेत. याचा संबंध आहे का?

सपाट, न दुखणारे ठिपके भगव्या मांजरांत वयाबरोबर येतात आणि निरुपद्रवी असतात. पांढऱ्या नाकावरची न भरणारी खपली किंवा जखम मात्र उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. ती लगेच दाखवावी.

१९. आयुष्यभर हे असेच चालणार असेल, तर मांजराला त्रास होतोय की नाही हे कसे ठरवायचे?

शिंका मोजून ठरवू नये. दिवसाला वीस शिंका देणारे मांजर खेळत, जेवत आणि अंग चाटत असेल तर ते बरे जगत आहे, आणि अज्ञातहेतुक दाह असलेली कित्येक मांजरे अशीच म्हातारी होतात. पाहायचे ते असे: स्वतःहून जेवते का, गाढ झोपते का की श्वासासाठी वारंवार उठते, अंग स्वच्छ ठेवते का, जवळ येते का, आणि दर पंधरवड्याला काट्यावर वजन तेवढेच भरते का. उपचारांचाही हिशेब येथेच धरावा. रोजच्या थेंबांसाठी पलंगाखालून ओढून काढावे लागत असेल आणि त्यामुळे ते आपल्याला पाहूनच पळत असेल, तर तो उपाय कमी करून दुसरा शोधण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. माझ्या मांजरीचे थेंब आम्ही शेवटी बंद केले आणि वाफ तेवढी चालू ठेवली. न्हाणीघरातले पाणी सुरू झाले की ती आपणहून आत येऊन बसायची.